वर्डमध्ये उजवीकडे मोकळी जागा सुटते? माझा अनुभव

वेबवरचा मजकूर वर्डमध्ये पेस्ट केला की ओळ अर्ध्यातच संपायची आणि पुढचे चार-पाच शब्द एकमेकांना चिकटून खाली उतरायचे. फॉन्ट बदलला, मार्जिन बघितलं, क्लिअर फॉरमॅटिंग केलं, काही फरक नाही, डोकं उठलं नुसतं.

शेवटी कंट्रोल+शिफ्ट+८ दाबून लपलेल्या खुणा दाखवल्या तर शब्दांमध्ये साध्या ठिपक्याऐवजी बारीक पोकळ गोल दिसले, म्हणजे नॉन-ब्रेकिंग स्पेस, दोन्ही बाजूंचे शब्द ओळीच्या शेवटी तुटू न देणारी जागा. हे अक्षरच असतं, म्हणून फॉरमॅटिंग काढून जात नाही.

ती काढायला आधी कंट्रोल+एच, म्हणजे फाइंड अँड रिप्लेस. फाइंडमध्ये कॅरट (शिफ्ट+६, इंग्रजी कीबोर्डवर) आणि लगेच छोटा एस, रिप्लेसमध्ये स्पेसबार एकदाच, मग रिप्लेस ऑल. नंतर दोन स्पेसच्या जागी एक, शून्य रिप्लेसमेंट येईपर्यंत.