प्रचारसभेत ऐकलेला इतिहास कसा तपासावा

निवडणुकीच्या हंगामात पुण्यातल्या चौकाचौकांत इतिहासाची जी वाक्ये कानांवर येतात, ती धादांत खोटी क्वचितच असतात. बहुधा त्यांतून कोणाला तरी वगळलेले असते. म्हणून 'हे खरे का' असे विचारण्याआधी 'यात कोण नाही' असे विचारावे.

प्रथम वक्त्याचे वाक्य जसेच्या तसे टिपून घ्यावे, आणि वक्ता आपल्या पसंतीच्या पक्षाचा असेल तर ते आवर्जून करावे. उदाहरणार्थ, 'पानिपतावर मराठे धर्मासाठी लढले आणि फितुरीने हरले' हे वाक्य घेऊ. यात दोन दावे आहेत, ते वेगळे करावेत.

पहिल्या दाव्यासाठी 14 जानेवारी 1761 रोजी कोण कोणत्या बाजूला होते, हे मांडून पाहावे. मराठ्यांचे सेनापती सदाशिवराव भाऊ ऊर्फ भाऊसाहेब यांच्या सैन्यातील गारदी (कवायती पायदळाच्या) पलटणी व तोफा इब्राहिमखानाच्या हाताखाली होत्या, अब्दालीकडे नजीबखान रोहिला आणि अवधचा शुजाउद्दौला होते, सूरजमल जाट आधीच निघून गेला होता, तर राजपूत राजे मदतीला आलेच नाहीत. त्यातच 1752 च्या करारान्वये मोगल बादशाहीच्या रक्षणाची जबाबदारी मराठ्यांनीच पत्करली होती, ही गोष्ट व्यासपीठावरून सहसा कोणी सांगत नाही. अर्थात, धर्माचा तेथे काहीच संबंध नव्हता असे म्हणणारा वक्ताही तितकीच काटछाट करतो, कारण शुजाला वळवताना नजीबाने धर्माचीच भाषा वापरली होती.

'फितुरी' हे कारण सोयीचे असते, कारण त्यामुळे दोष एखाद्या माणसावर टाकून मोकळे होता येते. त्याऐवजी रसद पाहावी : ऑक्टोबर 1760 मध्ये अब्दाली बागपतजवळ यमुना उतरला आणि मराठ्यांची दक्षिणेची वाट अडली, डिसेंबरात मराठ्यांना रसद पुरवणारे गोविंदपंत बुंदेले मारले गेले आणि धान्याची उरलीसुरली आशाही संपली. न लढणाऱ्या हजारो माणसांसह छावणी उपाशी पडली, हे सांगायला मात्र भाषणात वेळ लागतो.

कथा कोठे थांबवली आहे, तेही पाहावे. 1771 मध्ये मराठ्यांनी दिल्ली पुन्हा ताब्यात घेतली होती.

पुणेकरांना हा पडताळा घेणे त्यातल्या त्यात सोपे आहे. भारत इतिहास संशोधक मंडळ सदाशिव पेठेतच आहे (आणि ती पेठ भाऊसाहेबांच्याच नावाची आहे). पेशवे दप्तर पुराभिलेखागारात आहे. मोडी वाचता येत नसेल, तर गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले दप्तरातील निवडक कागदांचे 45 खंड पाहावेत. वक्त्याच्या कार्यालयाला आधार लेखी विचारावा, आणि उत्तरादाखल बखरीचे नाव आले, तर ती प्रसंगानंतर किती वर्षांनी, कोणासाठी लिहिली गेली हे पाहून मगच तिला त्या वेळच्या पत्रांशेजारी ठेवावे.