शिंगे डागायची की राखायची? हिवाळ्यातील वासरे, यात्रेतील खरेदी आणि वंशशुद्धी

दिवाळीनंतर हवा कोरडी होते, माश्यांचा त्रास ओसरतो आणि जखमेत अळ्या पडण्याची भीती कमी होते. त्यामुळे कार्तिकापासून माघापर्यंत जन्मणाऱ्या संकरित वासरांच्या शिंगांचे कोंब डागण्यासाठी, म्हणजे शिंग येऊ नये म्हणून तापलेल्या यंत्राने जाळण्यासाठी, हाच काळ सोयीचा ठरतो. याच महिन्यांत म्हसवड, पुसेगाव, खरसुंडी येथील यात्रांमध्ये जनावरांचे बाजार भरतात आणि तेथे खिलार या देशी जातीच्या खोंडाची किंमत बोलताना गिऱ्हाइकाचा हात सर्वांत आधी शिंगाकडे जातो. गोठ्यातला निर्णय आणि बाजारातली पारख या दोन्ही ठिकाणी एकच गल्लत होते. शिंग असणे म्हणजे शुद्ध जात आणि शिंग नसणे म्हणजे भेसळ, असे धरून चालले जाते. प्रत्यक्षात शिंगे ठेवायची की काढायची हे गोठा कशासाठी चालवला जातो त्यावर ठरते, आणि वंश शुद्ध आहे की नाही हे आईबापांच्या नोंदीवरून ठरते.

हे नीट समजण्यासाठी हेरफर्ड या विलायती जातीचे उदाहरण उपयोगी आहे. इंग्लंडमधील हेरफर्डशायर परगण्यातली ही मांसासाठी पाळली जाणारी जात मुळात शिंगाळ आहे. तिच्या शुद्ध कळपांतही अधूनमधून जन्मतःच भुंडे, म्हणजे बिनशिंगी, वासरू निघत असे. अमेरिकेतील आयोवा राज्यातल्या वॉरन गॅमन यांनी 1901 साली हेरफर्ड पाळणाऱ्यांना पत्रे पाठवून अशा जनावरांचा शोध घेतला आणि नोंदणीकृत कुळातील 11 भुंडी जनावरे विकत घेऊन त्यांच्यापासून भुंड्या हेरफर्डची शाखा वाढवली. काही गोपालकांनी मात्र दुसऱ्या भुंड्या जातींशी संकर करून तेच रूप मिळवले होते. दिसायला दोन्ही सारखीच, पण पहिली शुद्ध आणि दुसरी संकरित. त्यांच्यातला फरक डोक्यावर दिसत नव्हता, तो नोंदवहीतच सापडत होता. पुढे शिंगाळ आणि भुंड्या हेरफर्डच्या अमेरिकेतील दोन स्वतंत्र संस्था 1995 मध्ये एक झाल्या.

भुंडेपणाचा वारसा समजायला सोपा आहे. गायीबैलांच्या पहिल्या क्रमांकाच्या गुणसूत्रावरील एका जागी हा गुण ठरतो आणि भुंडेपण शिंगाळपणावर प्रभावी असते. वासराला आईकडून एक आणि बापाकडून एक अशा दोन प्रती मिळतात. त्यांपैकी एक जरी भुंडेपणाची असली तरी शिंग येत नाही. वळूकडे दोन्ही प्रती भुंडेपणाच्या असतील, तर शिंगाळ गायींपासून होणारी त्याची सगळी वासरे भुंडी निघतात. एकच प्रत असेल, तर सरासरी निम्मी वासरे भुंडी निघतात. गाय आणि वळू दोघेही भुंडे पण एकेका प्रतीचे असतील, तर चारांतील एका वासराला शिंगे येण्याची शक्यता राहते आणि त्यात भेसळीचा संशय घेण्याचे कारण नसते. काही जनावरांत कवटीला न जुळलेली, हाताने हलणारी लहान शिंगे येतात. त्यांना पूर्ण शिंगे समजू नये, कारण त्यांचा वारसा वेगळा आहे.

यातून पशुपालकाच्या कामाच्या दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, लहानपणी डागून भुंडे केलेल्या जनावराचे भुंडेपण पुढच्या पिढीत उतरत नाही. डागलेल्या एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन या विलायती दुधाळ जातीच्या) कालवडीला शिंगाळ कुळातील वळूच्या वीर्याने रेतन केले, तर होणाऱ्या वासराला शिंगे येणारच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. आई आणि बाप दोन्ही जन्मतः शिंगाळ असताना त्यांचे वासरू जन्मतः भुंडे निघणे जवळपास अशक्य आहे, कारण त्यासाठी नव्याने उत्परिवर्तन, म्हणजे जनुकात अचानक बदल, व्हावे लागते आणि ते अत्यंत दुर्मीळ असते. म्हणून खिलार गायीला खिलार वळूचे रेतन करून भुंडे वासरू झाले, तर आधी बापाची खात्री करावी. रेतमात्रेची कांडी, म्हणजे वळूचे वीर्य भरलेली बारीक नळी, बदलली असेल किंवा माजाच्या काळात गाय मोकाट वळूला लागली असेल. मात्र त्यासाठी ते वासरू खरोखर भुंडे आहे का, हे महिना-दीड महिना थांबून पाहावे. जन्मतः कोंब फक्त चाचपून कळतो, आणि घाईने काढलेला निष्कर्ष गायीच्या मालकाला आणि रेतन करणाऱ्याला सारखाच त्रासदायक होतो.

यात्रेतील खरेदीकडे वळू. खिलाराची शिंगे मुळाशी जवळजवळ, आधी मागे आणि मग धनुष्यासारखी वर गेलेली, टोकदार अशी असतात. डांगीची शिंगे आखूड व जाड असतात. गीरची खाली व मागे जाऊन अर्धचंद्राकार वळतात, तर लाल कंधारीची मध्यम आणि सारख्या वळणाची असतात. ही लक्षणे जातीच्या वर्णनात आहेत आणि प्रदर्शनात त्यांना गुणही मिळतात, त्यामुळे पैदाशीसाठी राखलेल्या देशी जनावराची शिंगे काढू नयेत, असाच आमचा सल्ला आहे. पण शिंग हा एक साक्षीदार आहे आणि तो फितूर होऊ शकतो. पोळ्याला किंवा बेंदराला शिंगे साळली, म्हणजे तासली, जातात, त्यांना हिंगूळ व बेगड लावतात, टोकांवर शेंब्या चढवतात. साळून जाड शिंग सडपातळ दिसते आणि त्यावरची वळी नाहीशी होतात. शिंगावरील वळ्यांच्या संख्येत दोन मिळवून वय काढण्याची जुनी रीत साळलेल्या शिंगावर उपयोगाची नाही, म्हणून वयासाठी जबडा उघडून दातच पाहावेत. खिलाराच्या प्रकारांमध्ये ‘नकली खिलार’ असा एक प्रकार पूर्वीपासून सांगितला जातो, यावरून सरमिसळीचा प्रश्न आजचा नाही हे लक्षात यावे. बैलगाडा शर्यती पुन्हा सुरू झाल्यापासून खिलार खोंडांची मागणी वाढली असून, अर्धवट संकरित खोंड शुद्ध म्हणून विकला जाण्याचा धोकाही तितकाच वाढला आहे.

त्यामुळे शिंगाबरोबर कानाची ठेवण, पोळी (गळ्याखाली लोंबणारी कातडी), वशिंड, खुरांचा रंग आणि चाल पाहावी. त्याहूनही आधी कानातील बिल्ल्यावरचा बारा अंकी क्रमांक विचारावा आणि रेतनाची नोंद मागावी. रेतन घरी होत असेल तेव्हा कांडीवर छापलेला वळूचा क्रमांक, जात व उत्पादनाची तारीख वहीत लिहून घ्यावी. रिकामी कांडी कागदाला चिकटवून ठेवली तर उत्तमच, या कामाला अर्धा मिनिटही लागत नाही. गावठी गायीला पिढ्यानपिढ्या शुद्ध खिलार वळूचेच रेतन केले, तर चौथ्या पिढीत खिलाराचा वाटा सुमारे 93.75 टक्के होतो. मधल्या पिढीत एकदा जरी दुसऱ्या जातीची कांडी वापरली गेली, तरी हे गणित मागे जाते आणि शिंगांवरून ते ओळखता येईलच असे नाही. देशी गायींसाठीची ‘गौ चिप’ ही जनुकीय चिप 5 ऑक्टोबर 2024 रोजी वाशीम येथे प्रसृत झाली. अशा साधनांमुळे वंशाची पारख पुढे अधिक भक्कम होईल, पण आज गोठ्यातली वहीच हाताशी आहे.

आता दुधासाठीच्या संकरित वासरांविषयी. मुक्तसंचार, म्हणजे जनावरे न बांधता मोकळी ठेवलेल्या, गोठ्यात शिंगाळ जनावरे गव्हाणीवर एकमेकांना ढुसण्या देतात, त्यातून सडाला व कासेला जखमा होतात आणि गाभण गायीच्या कुशीला मार बसतो. अशा गोठ्यासाठी कोंब डागणे योग्य आहे, मात्र वेळ चुकवू नये. साधारण दोन महिन्यांपर्यंत कोंब कातडीबरोबर सैल असतो. अंगठ्याने दाबला की गोट्यासारखा सरकतो. पुढे तो कवटीच्या हाडाला जुळतो आणि नंतर कपाळातील पोकळी शिंगात शिरते. त्या वयात शिंग कापणे म्हणजे मोठी शस्त्रक्रिया असते. म्हणून वासरू 10 ते 15 दिवसांचे असतानाच हे काम उरकावे. श्रावणात जन्मलेल्या वासरासाठी हिवाळ्याची वाट पाहत बसू नये, उघाडीचा कोरडा दिवस पाहून वेळेतच डागावे.

हे काम पशुवैद्यकाकडूनच करून घ्यावे. प्राण्यांवरील क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या, म्हणजे 1960 च्या अधिनियमाच्या, कलम 11 मध्ये शिंगे काढण्याला विहित पद्धतीने केल्यासच सूट आहे. डोळ्याचा कोपरा आणि कोंब यांच्यामधून जाणाऱ्या चेतातंतूजवळ भुलीचे इंजेक्शन द्यायला सांगावे आणि ती चढेपर्यंत थांबावे. दुखणे भूल उतरल्यावरही राहते, म्हणून वेदनाशामकही मागावे. कोंबाभोवतीचे केस कापून तापलेले यंत्र टेकवले की कोंबाभोवती तांब्याच्या रंगाचे अखंड कडे उमटले पाहिजे. कडे कोठे तुटलेले राहिले, तर त्या बाजूने वेडेवाकडे शिंग फुटते आणि पुढे ते डोळ्यात किंवा गालात शिरते. यंत्राऐवजी कॉस्टिक पोटॅश या कातडी भाजणाऱ्या रसायनाची कांडी वापरायची असेल, तर ती पहिल्या आठवड्यातच वापरावी. भोवती व्हॅसलिनचे जाड कडे करावे, हातमोजे घालावेत, आणि वासरू काही तास आईपासून व पाण्यापासून लांब ठेवावे, नाहीतर ओघळ डोळ्यात जातो किंवा गायीची कास भाजते. लसीकरण, वाहतूक किंवा दूध तोडणे यांपैकी काहीही त्याच दिवशी करू नये. कडाक्याच्या थंडीत रात्री कोरडे अंथरूण द्यावे आणि खपली पडेपर्यंत माशी बसते का, हे रोज पाहावे.

डागण्याची वेळच येऊ नये असे वाटत असेल, तर एचएफचे रेतन करताना जन्मतः भुंड्या वळूची मात्रा मिळते का, याची चौकशी करावी आणि त्या वळूकडे भुंडेपणाची एक प्रत आहे की दोन, हे विचारूनच निवड करावी. मात्र केवळ भुंडा आहे म्हणून कमी दुधाच्या आईचा वळू घेऊ नये. देशी कळपासाठी हा मार्ग नाही. खिलार किंवा गीर गायीत भुंडेपण आणायचे म्हणजे बाहेरचे रक्त आणणे आले.

शिंगे राखणाऱ्यांनी एका रोगाकडे लक्ष ठेवावे. शिंगाचा कर्करोग आपल्याकडे प्रौढ बैलांत आढळतो. बैल मान एका बाजूला झुकवतो, डोके झटकतो, शिंग खांबाला घासतो, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्तमिश्रित स्राव येतो आणि काही दिवसांनी शिंग मुळाशी हलू लागते किंवा वाकते. पोळ्याच्या वेळी शिंगे खोलवर साळणे आणि त्यांवर तैलरंग चोपडणे टाळावे. यापैकी एकही लक्षण दिसताच बैल जुवाला न लावता पशुवैद्यकाला दाखवावा, कारण रोग मुळापाशी असतानाच शस्त्रक्रिया केली तर बैल वाचण्याची शक्यता बरी असते.