एयूआरमधील दुर्लक्षित पॅकेज ताब्यात घेताना

आर्च लिनक्स या संगणक प्रणालीचे एयूआर (आर्च यूझर रिपॉझिटरी) हे पॅकेजचे, म्हणजे बसवण्याजोग्या सॉफ्टवेअरच्या संचांचे, भांडार वापरकर्तेच चालवतात आणि त्यात सहसा सॉफ्टवेअर तयार करण्याची कृती सांगणारी पीकेजीबिल्ड ही फाइल तेवढी ठेवलेली असते. त्यामुळे देखभाल करणाऱ्याने लक्ष काढून घेतले की ती कृती हळूहळू निकामी होत जाते. अशा पॅकेजची जबाबदारी घेण्यापूर्वी ते खरोखरच मागे पडले आहे का, हे तपासावे. ज्याच्या नावाच्या शेवटी ‘गिट’ (कोडमधील बदलांची नोंद ठेवणारे साधन) असते, ते पॅकेज बांधणीच्या वेळी मूळ प्रकल्पातील ताजा कोड स्वतःच आणते. म्हणून पानावर जुना आवृत्ती क्रमांक दिसतो एवढ्यावरून त्याला ‘कालबाह्य’ अशी खूण करणे चुकीचे ठरते.

इतर पॅकेजची नवी आवृत्ती आली असेल, तर ती खूण करावी आणि शक्यतो तयार दुरुस्तीच देखभालकर्त्याकडे पाठवावी, कारण अनेकदा त्याची इच्छा असते पण वेळ नसतो. त्याने सहदेखभालकर्ता म्हणून आपल्याला जोडून घेतले, तर पुढचे सारे टळते. उत्तरच आले नाही, तर पॅकेज मुक्त करण्याची विनंती नोंदवावी. दोन आठवड्यांत देखभालकर्त्याने प्रतिसाद दिला नाही, तर ती मान्य होऊ शकते. कालबाह्य खूण होऊन किमान 180 दिवस उलटले असतील, तर मात्र विनंती आपोआप मंजूर होते.

असे मुक्त होऊन पॅकेज बेवारस झाले की खाते असलेला कोणीही ते दत्तक घेऊ शकतो, आणि माझ्या मते या व्यवस्थेतील सर्वांत नाजूक जागा हीच आहे. जुलै 2018 मध्ये ॲक्रोरीड हे पीडीएफ वाचण्याच्या सॉफ्टवेअरचे बेवारस पॅकेज एका अनोळखी खात्याने दत्तक घेतले आणि बाहेरून स्क्रिप्ट उतरवून चालवणारी ओळ त्यात घातली. ती लवकरच लक्षात येऊन काढली गेली. म्हणून दत्तक घेतल्यावर आधी गिटचा इतिहास वाचावा, स्रोताचा पत्ता मूळ प्रकल्पाचाच आहे ना ते पाहावे आणि पीकेजीबिल्डसोबतच्या इन्स्टॉल फाइलची प्रत्येक ओळ तपासावी, कारण तीतील आज्ञा पॅकेज बसवताना रूट, म्हणजे संगणकावरील सर्वोच्च, अधिकाराने चालतात.

मग पीकेजीबिल्डमधील आवृत्ती बदलून पीकेजीरेल, म्हणजे त्या आवृत्तीच्या बांधणीचा क्रमांक, पुन्हा 1 करावे. आवृत्ती तीच राहून कृती दुरुस्त केली असेल, तर तो आकडा एकाने वाढवावा. चेकसम, म्हणजे उतरवलेली फाइल तीच आहे का हे ओळखण्याचे आकडे, अपडपीकेजीसम्स या साधनाने क्षणात बदलता येतात, पण गोम अशी की ते साधन जे उतरवले त्याचेच चेकसम लिहिते, ते खरे आहे का हे पाहत नाही. मूळ प्रकल्प स्वाक्षरी किंवा चेकसम प्रसिद्ध करत असेल, तर त्याच्याशी ताडून पाहणे आपल्यालाच करावे लागते. बांधणी स्वच्छ चेरूटमध्ये, म्हणजे उरलेल्या संगणकापासून वेगळ्या ठेवलेल्या कोऱ्या प्रणालीत, करावी, म्हणजे आपल्या संगणकावर आधीच असल्यामुळे न जाणवलेली अवलंबने (पॅकेजला लागणारी इतर सॉफ्टवेअर) उघडी पडतात. शेवटी एसआरसीइन्फो ही पॅकेजची माहिती संकेतस्थळाला देणारी फाइल नव्याने तयार करून ती आणि पीकेजीबिल्ड एकाच कमिटमध्ये (गिटमधील बदलांच्या एकाच नोंदीत) पाठवावीत. एसआरसीइन्फो विसरल्यास संकेतस्थळावर जुनीच आवृत्ती दिसत राहते.

मूळ प्रकल्पच बंद पडून कोड मिळेनासा झाला असेल, तर दत्तक घेण्यापेक्षा पॅकेज हटवण्याची विनंती करावी, आणि त्याची जागा वेगळ्या नावाच्या पॅकेजने घेतली असेल, तर विलीनीकरणाची.