ब्रिटनमध्ये दुसरी नोकरी धरण्याआधी: टॅक्स कोडची तयारी

चालू नोकरी न सोडता शनिवार-रविवारची दुसरी धरणार असाल, तर ही तयारी पहिल्या शिफ्टच्या आधी करा. पगार झाल्यावर करू म्हटलं की ती होत नाही. ई-व्हिसाचा शेअर कोड, बँक खातं, नॅशनल इन्शुरन्स (पगारातून कापली जाणारी सामाजिक विम्याची वर्गणी) नंबर हे मालक स्वतःच मागून घेतो, त्यावर शब्द घालवत नाही. डिग्रीसाठी विद्यार्थी व्हिसावर आला असाल तर मात्र एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: सत्र चालू असताना आठवड्याला २० तास ही मर्यादा दोन्ही नोकऱ्या मिळून आहे. तिथे चुकलात तर टॅक्स राहिला बाजूला, व्हिसाच अडचणीत येतो.

आता मुद्दा. टॅक्स कोड म्हणजे तुमच्या पगारातून किती कर कापायचा हे मालकाला सांगणारी खूण. वर्षाला १२,५७० पौंडांपर्यंतचं उत्पन्न करमुक्त असतं, पण ही सवलत माणसाला एकदाच मिळते, दर नोकरीला नाही. एका रेशनकार्डावर दोन दुकानांतून धान्य उचलता येत नाही, तसंच हे. म्हणून मुख्य नोकरीला साधारणपणे १२५७एल हा कोड लागतो आणि दुसरीला बीआर, म्हणजे तिथल्या पहिल्या पौंडापासून २० टक्के कापले जातात. पहिल्यांदा बीआर दिसला की लोक घाबरतात, 'जास्त कापताहेत' म्हणून पेरोलशी (पगार काढणाऱ्या विभागाशी) भांडायला जातात. जाऊ नका. बहुतेकांसाठी तोच बरोबर असतो.

दुसऱ्या नोकरीत रुजू होताना स्टार्टर चेकलिस्ट हा फॉर्म नव्या मालकासाठी भरायचा असतो. त्यात ए, बी, सी अशी तीन विधानं असतात. आधीची नोकरी चालूच असेल तर तुमचं विधान सी. ए म्हणजे ६ एप्रिलपासूनची, म्हणजे या कर-वर्षातली, ही पहिलीच नोकरी. बी म्हणजे आधी दुसरी होती, आता हीच एक. मॅनेजर घाईत असतो, 'सही कर, बाकीचं मी भरतो' म्हणतो. भरू देऊ नका. चेकलिस्ट दिलीच नाहीत तर ०टी हा कोड लागू शकतो, त्यात सवलत शून्य. आणि पी४५ (जुन्या मालकाने द्यायचा पगार-कराचा दाखला) शोधत बसू नका. तो नोकरी सोडल्यावर मिळतो, तुम्ही सोडलेली नाही.

यानंतरचं काम सगळ्यात महत्त्वाचं: पहिला पगार झाला की दोन्ही पेस्लिपवरचा टॅक्स कोड वाचा. दोन्ही. मागच्या वेळी माझ्याकडून नेमकं हेच राहिलं. खात्यात किती जमा झाले तेवढं बघून पेस्लिप बंद केली. कोड शोधायला दोन सेकंद लागतात, तो नॅशनल इन्शुरन्स नंबरच्या आसपास बारीक अक्षरांत छापलेला असतो. एकीवर १२५७एल आणि दुसरीवर बीआर असेल तर ठीक. दोन्हींवर १२५७एल असेल तर त्याच दिवशी कळवा.

का, ते आकड्यांत बघा. मुख्य पगार महिन्याला १,९०० पौंड, दुसरा ६००. दुसऱ्यावर बीआर असेल तर दरमहा १२० जातात आणि हिशेब जुळतो. तिथेही १२५७एल लागला तर टॅक्स शून्य कापला जातो, महिना मजेत जातो, आणि वर्षभरात १,४४० पौंड तुमच्या नावावर चढतात. ही बाकी सहसा माफ होत नाही. 

कळवायचं कुठे? एचएमआरसीचं (ब्रिटनच्या करखात्याचं) अ‍ॅप किंवा ऑनलाइन पर्सनल टॅक्स अकाउंट. ते आजच उघडून ठेवा, ओळख पटवण्यात वेळ जातो. तिथे प्रत्येक मालकासमोर कोड आणि वर्षाचा अंदाजे पगार दिसतो. तो अंदाज चुकीचा असेल तर दुरुस्त करा, कारण पुढचा कोड त्यावरूनच निघतो. मग नवा कोड आला की पुढच्या पेस्लिपवर तो खरंच उतरलाय का ते बघा. हो, परत दोन्ही पेस्लिप.

बीआर चुकीचा ठरतो असे दोन प्रसंग आहेत. एक, मुख्य नोकरीतच १२,५७० पेक्षा कमी मिळत असतील. समजा एकीकडे वर्षाला ८,४०० आणि दुसरीकडे ९,६००. पहिलीत सवलतीचे ४,१७० वापराविना पडून राहतात आणि दुसरीवर पूर्ण २० टक्के जातात, म्हणजे ८३४ पौंड फुकट जास्त. एचएमआरसीला सवलत दोन्हींत विभागून मागता येते. मागावी लागते, आपोआप होईल म्हणून बसू नका. दुसरा प्रसंग उलटा: दोन्ही मिळून ५०,२७० च्या वर गेलात तर वरच्या भागावर ४० टक्के लागतात आणि बीआर कमी कापतो. तो फरक नंतर अंगावर येतो. स्कॉटलंडमध्ये राहत असाल तर कोडच्या आधी एस येतो आणि दर वेगळे असतात, वेल्समध्ये सी.

नॅशनल इन्शुरन्सची काळजी नको, तो प्रत्येक नोकरीचा वेगळा मोजतात. कोडपुढे एम१, डब्ल्यू१ किंवा एक्स दिसला तर तो तात्पुरता असतो, पण महिनोनमहिने तसाच राहिला तर विचारा.

मुख्य नोकरी सोडलीत तर दुसरीचा बीआर तसाच चिकटून राहू शकतो. अ‍ॅपमध्ये पहिली संपल्याचं कळवा आणि उरलेल्या नोकरीच्या पेस्लिपवर कोड बदलला का बघा. एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू झालं की पुन्हा दोन्ही कोड वाचा.

बाकी थोडक्यात. ५ एप्रिलला नोकरीत असाल तर पी६० (वर्षभराच्या पगार-कराचा दाखला) दोन्हीकडून ३१ मेपर्यंत मिळतो, जपून ठेवा. जास्त-कमी कापलं गेलं असेल तर एचएमआरसीचं पी८०० हे पत्र साधारण जूननंतर येतं. ३,००० पौंडांच्या आतली बाकी बहुधा पुढच्या वर्षीच्या कोडमधून वळती होते. जादा गेलेले चार वर्षं मागेपर्यंतचे परत मागता येतात, तेही फुकट, कमिशन घेणाऱ्यांना कागद देऊ नका. 'रिफंड आलाय, लिंक दाबा' असा मेसेज आला तर दाबू नका, अ‍ॅप स्वतः उघडून बघा.