प्रिंटर मॉनिटरिंग ऑटोमेट करताना या चुका टाळा

‘प्रिंटर अडकला की स्पूलर रीस्टार्ट’ ही स्क्रिप्ट प्रत्येक नवशिक्या लिहितो आणि टास्क शेड्युलरला लावून मोकळा होतो. स्पूलर म्हणजे छपाईची कामं रांगेत लावून प्रिंटरला पाठवणारी सर्व्हिस. स्पूलर रीस्टार्ट केला की त्या सर्व्हरवरच्या सगळ्याच प्रिंटरच्या रांगा थांबतात, हे तो विसरतो.

एका ऑफिसात ही स्क्रिप्ट दर पाच मिनिटांनी चालायची. एकही प्रिंटर ‘ऑफलाइन’ दिसला की सर्व्हिस बंद, स्पूल फोल्डर (रांगेतल्या कामांच्या फाइल असतात ते) रिकामं, सर्व्हिस चालू. महिनाअखेरीला पगाराच्या स्लिपा गायब व्हायला लागल्या, त्याही धडधाकट प्रिंटरवरच्या. लोक पुन्हा प्रिंट द्यायचे, पाच मिनिटांनी तीही उडायची. आयटीवाल्यांनी काय करावं? स्क्रिप्ट दर दोन मिनिटांवर आणली!

मुळात ‘ऑफलाइन’ प्रिंटरही बिघडलेला नव्हता. सुरक्षेसाठी कोणीतरी त्याचं एसएनएमपी (नेटवर्कवरून यंत्राची स्थिती विचारायची पद्धत) कम्युनिटी नाव, म्हणजे त्या चौकशीचा एक प्रकारचा पासवर्ड, ‘पब्लिक’वरून बदललं होतं. बदललं ते बरंच केलं, पण सर्व्हरवर टीसीपी/आयपी पोर्टच्या सेटिंगमध्ये जुनंच नाव राहिलं. विंडोज जुन्या नावाने विचारत राहिलं, उत्तर येईना, म्हणून ऑफलाइन. नाव दुरुस्त केलं, स्क्रिप्ट काढून टाकली, विषय संपला.

म्हणून माझ्या स्क्रिप्ट आधी थेट प्रिंटरला विचारतात: पिंग (नेटवर्कवर आहेस का?), मग ९१०० पोर्ट (छपाईची कामं घ्यायचं दार), मग एसएनएमपी. पहिली दोन उत्तरं आली आणि तिसरं नाही, तर रांगेला हात लावायचा नाही, फक्त मला मेसेज. खरंच अडकलं असेल तर ‘गेट-प्रिंटजॉब’ या पॉवरशेल कमांडने रांगेतलं पहिलं काम बघायचं आणि तेवढंच थांबवायचं किंवा पुन्हा सोडायचं. स्पूलर सगळ्यात शेवटी. फाइल काढायचीच वेळ आली तर स्पूलर बंद करून एसपीएल (छापायचा मजकूर) आणि एसएचडी (कामाची माहिती) या फाइलींची जोडी दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. डिलीट करायची एवढी कसली घाई असते कळत नाही. जोडी परत मूळ जागी ठेवून स्पूलर चालू केला की काम पुन्हा रांगेत येतं.

टोनरच्या आकड्यांवर आंधळेपणाने टक्केवारी काढू नका. प्रिंटर एमआयबीमध्ये (एसएनएमपीवरून मिळणाऱ्या प्रिंटरच्या माहितीची ठरलेली यादी) -३ म्हणजे ‘थोडा तरी शिल्लक आहे’ आणि -२ म्हणजे ‘माहीत नाही’. हे न वाचता शून्याखाली अलर्ट लावणाऱ्यांना रात्री दोनला ‘टोनर उणे तीन टक्के’ असा एसएमएस येतो. येऊ दे.

एका चुकलेल्या तपासणीवर अलर्ट नको. मी सलग तीन धरतो.

लिनक्सवर कप्स (छपाई सांभाळणारी प्रणाली) वापरत असाल तर एरर पॉलिसी, म्हणजे काम फसलं तर काय करायचं ते सेटिंग, बघा. ‘स्टॉप-प्रिंटर’ असेल तर एका बिघडलेल्या कामापायी अख्खी रांग बंद पडते.

विंडोजमध्ये प्रिंट सर्व्हिसचा ऑपरेशनल लॉग (छपाईच्या घडामोडींची नोंदवही) मुळात बंद असतो, तो आधी चालू करा. त्यातला इव्हेंट ३०७ म्हणजे स्पूलरच्या लेखी काम झालं. ट्रेमध्ये कागद पडला की नाही, हे त्याला ठाऊक नसतं.