अचानक धडधड सुरू झाली तर: आधी घड्याळ, मग नाडी

धडधड सुरू झाली की पहिल्यांदा घड्याळ बघा. देवाचं नाव नंतर घ्या, नवऱ्याला फोन नंतर लावा. "कधी सुरू झाली?" हा डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, आणि आपण म्हणतो, "झालं असेल सकाळपासून." त्या उत्तराचा त्यांना काडीचा उपयोग नसतो. मी एसटीत कंडक्टर आहे, सातारा–मेढा–महाबळेश्वर. मी तिकीट मशिनवरची वेळ बघायचे आणि वेबिलाच्या कडेला पेन्सिलीनं टिपून ठेवायचे: केळघर सोडल्यावर सुरू, घाट चढून वर आल्यावर बंद. पुढं डॉक्टरांनी सगळ्यात जास्त वेळ तेच वाचलं.

पण त्याआधी एक गोष्ट. धडधडीबरोबर छातीत दुखतंय, दम लागतोय, दरदरून घाम फुटलाय, डोळ्यापुढं अंधारी येतेय किंवा माणूस कोसळलाच, तर हे पुढचं वाचत बसू नका. १०८ ला फोन लावा. ज्यांना आधी हार्ट अटॅक येऊन गेलाय, ज्यांच्या हृदयाची झडप खराब आहे, जी बाई गरोदर आहे, ज्यांच्या घरात कुणी तरुणपणी अचानक गेलंय, ज्यांना पळताना किंवा ओझं उचलताना धडधड होऊन चक्कर येते, त्यांनीही घरी प्रयोग करायचे नाहीत. आणि आयुष्यात पहिल्यांदाच असं होत असेल तर बाकी काही त्रास नसला तरी दवाखाना गाठायचा. स्वतः गाडी चालवत जायचं नाही.

आता नाडी. अंगठ्याच्या बाजूनं मनगटावर तीन बोटं ठेवा, अंगठा नको, कारण अंगठ्याची स्वतःचीच नाडी लागते. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करा. ठोके वेडेवाकडे वाटले तर पूर्ण मिनिट मोजा. एरवी बसल्या जागी ६० ते १०० ठोके असतात. दीडशेच्या पुढं गेले की मोजताच येत नाहीत, बोटाखाली नुसती थरथर लागते. तेव्हा आकड्याचा नाद सोडा आणि ठेका पकडा. दुसऱ्या हाताच्या बोटानं टेबलावर तोच ठेका वाजवा आणि बघा, ठोके सारख्या अंतरानं पडतात की मधेच दोन जवळ, एक लांब, असं काहीतरी होतंय. डॉक्टरांसमोरही असंच वाजवून दाखवा, त्यांना त्यातून बरंच कळतं. करोनात घेतलेला ऑक्सिमीटर आणि घरचं बीपीचं मशीनही आकडा दाखवतं, पण फार पळणाऱ्या किंवा वेड्यावाकड्या नाडीत ती चुकतात. बोटं बरी.

हळूहळू वाढणारी आणि हळूहळू उतरणारी धडधड बहुतेक वेळा हृदयाचा स्वतःचा आजार नसते. ताप, जिना, भांडण, अंगात रक्त कमी असणं, थायरॉईड वाढणं, जुलाब होऊन अंगातलं पाणी जाणं, यानं हृदय जोरात चालतं. मधेच एखादा ठोका चुकल्यासारखा वाटून पुढचा धप्पकन पडतो, तेही बहुतेकांना कधी ना कधी होतं. हृदय धडधाकट असेल तर त्यात सहसा धोका नसतो. एकदा तपासून घ्यावं आणि सोडून द्यावं.

माझी तऱ्हा वेगळी होती. बटण दाबल्यासारखी सुरू, बटण दाबल्यासारखी बंद. तिकीट फाडता फाडता एकदम १८०, तेही अगदी एका लयीत. गळ्यात ठोके उडताना समोरच्या सीटवरच्या बाईला दिसायचे. थांबल्यावर थोड्या वेळानं जोराची लघवी लागायची, आणि घाटात बस कुठं थांबवणार! ही लघवी हीसुद्धा खूण आहे, सांगायला लाजू नका. हृदय पळत असताना वरचे कप्पे ताणले जातात आणि त्यातून जे संप्रेरक सुटतं ते मूत्रपिंडाला पाणी बाहेर टाकायला लावतं. या प्रकाराला डॉक्टर एसव्हीटी म्हणतात. विजेचा एक जादा रस्ता जन्मापासून असतो, त्यात ठोका गोल गोल फिरत राहतो. म्हणून लय बिघडत नाही, फक्त वेग वाढतो.

यावर घरी करण्यासारखा एक चांगला उपाय आहे, पण निदान झाल्यावर आणि तुमच्या डॉक्टरांनी एकदा समोर करून घेतल्यावरच. इंजेक्शनची १० मिलीची नवी कोरी सिरिंज घ्या, सुई नको. पलंगावर उशा लावून अर्धवट रेलून बसा. सिरिंजच्या टोकाला ओठ घट्ट लावून आतला दट्ट्या जेमतेम हलेल इतक्या जोरानं १५ सेकंद फुंकत राहा. जोर छातीतून आणि पोटातून यायला हवा, नुसते गाल फुगवून चालत नाही. १५ सेकंद झाले की लगेच उशा काढून आडवं व्हायचं आणि घरातल्या कुणीतरी दोन्ही पाय ४५ अंशांपर्यंत उचलून आणखी १५ सेकंद धरायचे. मग पुन्हा रेलून बसायचं आणि पाऊण मिनिट शांत राहायचं. फुंकताना छातीत दाब वाढतो, सोडल्यावर रक्तदाब उसळी घेतो, आणि ती उसळी आवरायला मेंदूकडून हृदयाकडे जाणारी व्हेगस नस ब्रेक लावते. पाय उचलल्यानं रक्त एकदम हृदयाकडे येतं, त्यामुळं ब्रेक आणखी जोरात लागतो. २०१५ साली इंग्लंडमधल्या अभ्यासात नुसतं फुंकणाऱ्यांपैकी १७ टक्के लोकांचे ठोके जागेवर आले, आणि पाय उचलले त्यांच्यापैकी ४३ टक्के लोकांचे. पाय उचलणारा माणूस आधीच तयार करून ठेवा. माझा मुलगा सुरुवातीला घाबरून पाय वर न उचलता ओढायचाच.

दोनदा करून पाहा. नाही थांबली आणि वीसेक मिनिटं होत आली की निघा. डोळ्याच्या पडद्याचा त्रास असलेल्यांनी हे डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. मानेची नस चोळणं हे डॉक्टरचं काम. वयस्कर माणसाच्या मानेतल्या रक्तवाहिनीत थर साठलेला असतो, तो सुटून मेंदूत गेला तर अर्धांगवायू होतो. डोळे दाबायचा जुना उपायही करू नका. जोरजोरात खोकून हार्ट अटॅक थांबवा म्हणून व्हॉट्सअपवर जे फिरतं, ते तर वाचूच नका.

आणि सॉर्बिट्रेट! आमच्याकडं प्रत्येक घरात देव्हाऱ्याजवळ ती पट्टी असते. शेजारच्या काकांच्या जिभेखाली ठेवली आणि बरं वाटलं, म्हणून कुणाच्याही छातीला काही झालं की पहिली तीच गोळी पुढं येते. तिनं रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी खाली येतं आणि आधीच पळणारं हृदय आणखी पळतं. धडधडीवर ती गोळी नाही. दुसऱ्याची ठोके कमी करायची गोळीही घेऊ नका. काही जणांच्या हृदयात जो जादा रस्ता असतो, त्यांना व्हेरापामिलसारख्या गोळ्या विशिष्ट वेळी जिवावर बेतू शकतात.

आता मुद्द्याचं. धडधड पकडायची असते. ती चालू असतानाचा कार्डिओग्राम मिळाला तर निदान बहुतेक वेळा तिथंच होतं. थांबल्यावर काढलेला कार्डिओग्राम बहुधा नॉर्मल येतो, आणि मग तुम्ही बाई असाल तर पुढचं वाक्य ठरलेलं: "घरी काही टेन्शन आहे का?" मला हे एकाहून जास्त ठिकाणी ऐकवलं गेलं, एकानं झोपेची गोळी लिहून दिली. टेन्शन कुणाला नसतं? पण टेन्शननं नाडी एका क्षणात ८० वरून १८० वर जात नाही आणि एका क्षणात खाली येत नाही. म्हणून धडधड चालू असेल तेव्हा मोठ्या डॉक्टरांच्या अपॉइंटमेंटची वाट बघू नका. जिथं कार्डिओग्रामचं मशीन आहे तो सगळ्यात जवळचा दवाखाना किंवा ग्रामीण रुग्णालय गाठा आणि आत शिरतानाच सांगा, "धडधड आत्ता चालू आहे, आधी कार्डिओग्रामची पट्टी काढा." केसपेपरची रांग नंतर. सिरिंज फुंकायची वेळही शक्य असेल तर पट्टी काढल्यावर.

ती पट्टी मिळाली की तिथल्या तिथं मोबाईलवर फोटो काढा आणि झेरॉक्स करून घ्या. कागद आमच्या तिकिटासारखा असतो, गरम डोक्याच्या मशिनवर उमटणारा. उन्हात किंवा प्लास्टिकच्या फाईलमध्ये राहिला की वर्षभरात कोरा होतो. धडधड रोज होत नसेल तर २४ तासांचं होल्टर, म्हणजे अंगावर बांधून ठोके नोंदवणारं मशीन, लावून उपयोग होत नाही, ते लावलेल्या दिवशी हृदय अगदी शहाण्यासारखं वागतं. तेव्हा जास्त दिवसांचं मशीन मिळतं का विचारा. ईसीजी, म्हणजे कार्डिओग्राम, काढणारं मनगटी घड्याळ कुणाकडं असेल तर तेही चालतं.

दवाखान्यात एसव्हीटी थांबवायला अ‍ॅडेनोसिन देतात. कोपराजवळच्या शिरेत ६ मिलिग्रॅम एका झटक्यात, मागोमाग सलाइनचं पाणी. नाही थांबलं तर १२. काही सेकंद छातीवर कुणीतरी बसल्यासारखं, 'गेलो आता' असं वाटतं, चेहरा तापतो, मॉनिटरवरची रेघ क्षणभर सरळ होते. हे अपेक्षितच आहे, औषधाचा असर मिनिटाच्या आत जातो. पण दमा असेल तर सुई टोचायच्या आधी सांगा.

आमच्या आत्यांची, म्हणजे सासूबाईंची धडधड वेगळी. लहानपणी सांधेदुखीचा ताप येऊन गेला, त्यात हृदयाची झडप आकसली, आणि साठीत ठोक्यांची लयच गेली. त्यांच्या मनगटावर बोट ठेवलं तर दोन ठोके सारखे सापडत नाहीत. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. यात सिरिंज फुंकून काही होत नाही. यातली मोठी भीती वेगानं पळण्याची नाही, गुठळीची आहे: वरचा कप्पा नीट आकुंचन पावत नाही, रक्त तिथं साचतं, गुठळी होते आणि ती मेंदूत जाते. म्हणून रक्त पातळ ठेवायची गोळी. झडप आकसलेल्यांना नव्या गोळ्यांपेक्षा जुनीच देतात, आत्यांना अ‍ॅसिट्रॉम आहे. तिच्यासाठी आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय त्याचा आकडा, तपासत राहावा लागतो, त्यांचा २ ते ३ मध्ये ठेवायला सांगितलाय. मेथी-पालक बंद करायचा नाही, आठवड्याला साधारण सारखा ठेवायचा. मेडिकलमधून अंगदुखीची गोळी परस्पर आणायची नाही, रक्तस्राव होतो. आणि आज बरं वाटतंय म्हणून गोळी सोडायची नाही, हे त्यांना दर महिन्याला नव्यानं सांगावं लागतं. तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, जीभ जड झाली, तर धडधड विसरा, वेळ टिपा आणि मेंदूचं स्कॅन होतं त्या हॉस्पिटलला निघा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे हे तिथं पहिलं सांगायचं.

धडधड कशानं सुरू होते ते आपलं आपण शोधावं. माझी जागरणानं आणि पाणी न पिल्यानं यायची. बाईमाणूस ड्युटीवर लघवीच्या भीतीनं पाणीच पीत नाही, हे आमच्यातल्या सगळ्याजणींना ठाऊक आहे. हरतालिकेचा निर्जळ उपास मी सोडला, देवीनं काही म्हटलं नाही. बाकी दारू, मिसरी, तंबाखू, चौथा-पाचवा चहा, नाक मोकळं करायच्या सर्दीच्या गोळ्या, दम्याचा पंप. पंप मात्र स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. हिमोग्लोबिन, थायरॉईड आणि पोटॅशियम एकदा तपासून घ्या, फार खर्च नाही.

एसव्हीटी वारंवार येत असेल तर अब्लेशन करून घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. जांघेच्या शिरेतून तारा हृदयापर्यंत नेतात आणि जादा रस्त्याचा तेवढा ठिपका जाळतात. माझ्या प्रकारात शंभरात पंचाण्णवच्या आसपास लोकांना गुण येतो. पेसमेकर लागायचा धोका शंभरात एक किंवा त्याहून कमी, तो आधी विचारून समजून घ्या. भूल पूर्ण देत नाहीत. मधे ते मुद्दाम धडधड सुरू करतात आणि विचारतात, "हीच का ती?" मी म्हटलं, हीच. नंतर पाय सरळ ठेवून काही तास पडून राहायचं, कंटाळा तेवढाच. पैशाची अडचण असेल तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेत बसतं का, हे हॉस्पिटलच्या आरोग्यमित्राला भरतीआधीच विचारा, बिल झाल्यावर नाही.

पर्समध्ये किंवा खिशात एक कागद ठेवा: आजाराचं नाव, चालू गोळ्या डोससकट, कशाची अ‍ॅलर्जी, दमा आहे की नाही, घरच्या दोघांचे नंबर, आणि पाठीमागं त्या पट्टीची झेरॉक्स. रक्त पातळ करायची गोळी असेल तर ते सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात. आत्यांचा कागद त्यांच्या कमरेच्या पिशवीत असतो, तंबाखूच्या डबीशेजारी. डबीचं काय करायचं ते अजून आमचं ठरायचंय.