अमेरिकेच्या समुद्रात संशोधनासाठी मासे पकडायचेत? आधी पोचपत्र की परवाना ते ठरवा

अमेरिकेत पीएचडी किंवा पोस्टडॉक करताना समुद्रावरच्या फेरीचे कागद बहुधा प्रयोगशाळेतल्या सगळ्यात नव्या माणसाच्या गळ्यात पडतात. बोट ठरलेली असते, अनुदान आलेलं असतं, आणि परवान्याची आठवण सगळ्यात शेवटी होते. पुढची माहिती अशा माणसासाठी आहे. उदाहरणं मुख्यतः न्यू इंग्लंडची, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, मेन आणि आसपासच्या समुद्राची आहेत. मूळ केंद्रीय नियम सगळ्या किनाऱ्यांना सारखाच आहे, स्थानिक कार्यालयांची रीत मात्र वेगवेगळी.

किनाऱ्यापासून साधारण ३ सागरी मैलांपर्यंतचं पाणी राज्याचं असतं (टेक्सासला आणि फ्लोरिडाच्या आखाती बाजूला ९ मैल). तिथून २०० मैलांपर्यंत केंद्राचा अंमल. तिथली मासेमारी १९७६ च्या मॅग्नसन-स्टीव्हन्स कायद्याखाली चालते आणि अंमलबजावणी नोआच्या (समुद्र आणि हवामान पाहणारी केंद्रीय संस्था) नॅशनल मरीन फिशरीज सर्व्हिसकडे आहे. तिची पाच प्रादेशिक कार्यालयं आहेत, न्यू इंग्लंडचं ग्लॉस्टर गावात. तुमच्या ओढी (एकदा जाळं टाकून ओढणं म्हणजे एक ओढ) राज्याच्या हद्दीतही पडणार असतील तर त्या राज्याच्या मत्स्यविभागाचा कागद वेगळा घ्यावा लागतो. केंद्राच्या कागदावर राज्याचा निरीक्षक समाधान मानत नाही.

कोणता कागद?

कायद्यात मासेमारीची जी व्याख्या आहे तिच्यातून संशोधन जहाजाने केलेलं वैज्ञानिक संशोधन वगळलेलं आहे. त्यामुळे तुमचं काम खरोखर त्यात बसत असेल तर परवाना लागतच नाही. तुम्ही संशोधन आराखडा पाठवता आणि कार्यालय पोचपत्र देतं. त्याला सगळे एलओए (लेटर ऑफ अ‍ॅक्नॉलेजमेंट) म्हणतात. बसत नसेल तर ती मासेमारी ठरते. मग जे नियम मोडावे लागणार त्यांच्यातून सूट मागायची, तो एक्झेम्प्टेड फिशिंग परमिट, म्हणजे ईएफपी.

इथे दोन गोष्टी तपासा. पहिली जहाज. ते सरकारी संस्था, मान्यताप्राप्त विद्यापीठ, वैज्ञानिक संस्था अशा कोणाच्या तरी मालकीचं किंवा भाड्याने घेतलेलं हवं, आणि शिवाय त्याच्या नियंत्रणाखाली हवं. अर्ज अडकतात ते या शेवटच्या अटीवर. कोळ्याच्या बोटीवर एक विद्यार्थी मोजपट्टी घेऊन चढला म्हणून ती बोट संशोधन जहाज होत नाही. भाडेकरारात स्पष्ट लिहा की जाळं कुठे, कधी आणि किती वेळ टाकायचं हे मुख्य शास्त्रज्ञ ठरवणार. त्याच फेरीत कप्तान आपला माल पकडून विकणार असं करारात असेल, तर एलओएचा विचार सोडून द्या.

दुसरी गोष्ट काम. वाढ, वय, स्थलांतर, विपुलता, अनपेक्षित पकड अशा प्रश्नांवरचा नियोजित अभ्यास संशोधनात मोडतो. मासेमारीच्या साधनांची चाचणी मोडत नाही. नव्या उत्पादनासाठी किंवा बाजारपेठ तपासण्यासाठी मासा उतरवणं, मत्स्यालयासाठी मासे पकडणं हेही नाही.

एक उदाहरण घ्या. मेनच्या आखातात तळाचे मासे पकडणाऱ्या ट्रॉलच्या (बोटीमागे ओढायच्या जाळ्याच्या) शेवटच्या पिशवीचा आस, म्हणजे जाळीच्या भोकाचं माप, किमान साडेसहा इंच लागतो. विद्यापीठाने भाड्याने घेतलेल्या बोटीवर बारीक आसाचं अस्तर लावून पिल्लांची संख्या मोजायची असेल, तर ते सर्वेक्षण झालं, एलओएचं काम. तेच अस्तर लावून नवी पिशवी किती पिल्लं बाहेर सोडते हे पाहायचं असेल, तर ती साधनाची चाचणी, आणि मार्ग ईएफपीचा. गंमत अशी की संशोधनाच्या व्याख्येतल्या विषयांच्या यादीत जाळ्यांच्या संवर्धनपर रचनेचा अभ्यासही आहे, आणि ईएफपी कशासाठी मिळतो त्या यादीतही तो आहे. म्हणजे सीमारेषा धूसर आहे. अशा वेळी स्वतः तर्क लढवू नका. आराखड्याचा दोन पानी मसुदा घेऊन प्रादेशिक कार्यालयाला विचारा आणि उत्तर ईमेलवर घ्या.

तिसरी एक सोपी सोय आहे जी बरेच जण विसरतात. बोट तिची नेहमीची व्यावसायिक फेरी करते आहे, तुम्हाला फक्त कमी मापाचे किंवा मर्यादेपेक्षा जास्त मासे थोडा वेळ डेकवर ठेवून मोजायचे आहेत आणि मग समुद्रात सोडायचे आहेत, एवढंच असेल तर ग्लॉस्टरचं कार्यालय तात्पुरत्या ताब्याचं अधिकारपत्र देतं. त्यासाठी अख्खा ईएफपी मागत बसू नका.

ट्यूना, तलवारमासा, बिलफिश आणि शार्क यांचा कारभार वेगळा, तो मेरीलँडमधल्या सिल्व्हर स्प्रिंगच्या विभागाकडे. ट्यूना आणि तलवारमाशांना १९७५ चा अटलांटिक ट्यूनाज कन्व्हेन्शन कायदा लागू होतो, आणि त्यात संशोधनाला ती मूळ सूट नाही. म्हणून अस्सल संशोधन जहाजालाही तिथे वैज्ञानिक संशोधन परवाना काढावा लागतो.

साठ दिवसांचा हिशेब

नियम सांगतो की ईएफपीचा पूर्ण अर्ज हव्या त्या तारखेच्या किमान ६० दिवस आधी पोचला पाहिजे. एलओएसाठीही आराखडा ६० दिवस आधी, किंवा जमेल तितका लवकर. आता ईएफपीचे साठ दिवस कसे जातात ते पाहा. कार्यालय आधी अर्ज पुरा आहे का ते तपासतं. मग फेडरल रजिस्टरमध्ये, म्हणजे केंद्र सरकारच्या राजपत्रात, सूचना निघते आणि लोकांना १५ ते ४५ दिवस हरकती नोंदवता येतात. दरम्यान मत्स्य व्यवस्थापन परिषद, तटरक्षक दल आणि संबंधित राज्यं यांचं मत घेतलं जातं. पर्यावरणीय परिणामांचा आढावा आणि संकटग्रस्त प्रजातींच्या कायद्याखालचा सल्ला हे बरोबरीने चालतं. एखादी माहिती अपुरी राहिली की घड्याळ सुरूच होत नाही. त्यामुळे चार ते सहा महिने धरून चाला. हंगामी माशावरचं काम असेल तर त्याहून जास्त, कारण हंगाम एकदा चुकला की वर्ष गेलं.

पश्चिम किनाऱ्यावर बऱ्याच मासेमारींत अर्ज आधी पॅसिफिक परिषदेसमोर जातो आणि तिच्या बैठकांच्या वेळापत्रकात अडकतो. तलवारमाशासाठीचं खोल पाण्यातलं बोयावरचं गळसाधन तिथे २०१५ पासून ईएफपीखाली तपासलं जात होतं, आणि त्याला नियमित मासेमारीत जागा मिळाली ती २०२३ मध्ये. परवान्याचा उद्देश नियम बदलणं हा असेल तर ही गती डोळ्यांसमोर ठेवा.

अर्जात काय लिहायचं

मागितलेली माहिती फार नाही: तारीख, अर्जदाराचं नाव-पत्ता-दूरध्वनी, उद्देश आणि समर्थन, प्रत्येक बोटीची नोंदणीची प्रत, मालक आणि कप्तान यांची नावं, लक्ष्य आणि आनुषंगिक प्रजाती, त्यांचं प्रमाण, पकडलेल्या माशाचं पुढे काय होणार, सागरी सस्तन आणि संकटग्रस्त प्राण्यांवरचा संभाव्य परिणाम, वेळ, जागा, साधनाचा प्रकार-आकार-संख्या, आणि सही. कठीण आहे ते आकडे एकमेकांशी जुळवणं.

हिशेब ओढींपासून सुरू करा. समजा २ बोटी, प्रत्येकी १० दिवस, रोज ४ ओढी, म्हणजे ८० ओढी, प्रत्येकी एक तासाची. निम्म्या नेहमीच्या पिशवीने, निम्म्या नव्या. एका ओढीत हॅडॉक सरासरी १५० पौंड धरला तर एकूण १२,००० पौंड, कॉड १० पौंड धरला तर ८०० पौंड. हे आकडे नुसते नमुन्याचे आहेत. तुमचे आकडे त्याच भागातल्या, त्याच महिन्यातल्या, मासेमारी बोटींवर जाणाऱ्या निरीक्षकांच्या नोंदींवरून काढा आणि कुठून काढले ते लिहा. प्रत्येक प्रजातीपुढे तीन रकाने ठेवा: उतरवणार, सोडणार, प्रयोगशाळेत नेणार. तिन्हींची बेरीज एकूण पकडीशी जुळलीच पाहिजे. तपासणारा अधिकारी पहिल्यांदा हीच बेरीज करतो.

इथे नेहमी होणारी चूक म्हणजे नेहमीच्या जाळ्याची पकड बारीक आसाच्या जाळ्यालाही लावणं. अस्तर लावलं की कमी मापाचे मासे कितीतरी जास्त येतात. मंजूर मर्यादा सहाव्या दिवशीच भरते आणि प्रयोग अर्ध्यावर थांबतो. उलट, सुरक्षित राहावं म्हणून दुप्पट आकडा मागाल तर मेनच्या आखातातल्या कॉडसारख्या खालावलेल्या साठ्यावर हरकती येतील. थोडी वाढ मागा आणि ती का हवी हे एका वाक्यात सांगा.

सूट मागताना नियम नेमका सांगा. "बंद क्षेत्रात काम करायचं आहे" असं मोघम लिहू नका. कोणतं क्षेत्र, कोणत्या कलमातली बंदी, कोणत्या तारखांना, आणि उघड्या क्षेत्रात हेच काम का होणार नाही, हे सगळं लिहा. किमान माप, ताब्याची मर्यादा, समुद्रावरच्या दिवसांचा हिशेब, आसाचं माप या वेगवेगळ्या सुटी आहेत. जी मागितली नाही ती मिळत नाही, आणि न मागितलेल्या सुटीचा भंग हा साधा भंगच धरला जातो.

अर्ज नाकारण्याची कारणं नियमातच आहेत: माहिती लपवणं, साठ्याला किंवा संरक्षित प्राण्यांना लक्षणीय इजा, व्यवस्थापन योजनेशी विसंगती, समर्थन नसणं, अंमलबजावणीत मोठी अडचण. आणखी एक आहे, एकमेव उद्देश माशाचं आर्थिक वाटप असणं. हरकती घेणारे इतर कोळी बहुतेकदा याच कारणावर बोट ठेवतात. "विज्ञानाच्या नावाखाली त्याला जास्तीचा मासा" हा संशय असतो, आणि दर वेळी तो खोटाही नसतो. फेरीचा खर्च मासा विकून भरून काढणार असाल (याला भरपाईची मासेमारी म्हणतात) तर अभ्यासाची ओढ कोणती आणि विक्रीची कोणती हे अर्जातच वेगळं करा. एकच गठ्ठा केलात तर प्रश्न येणारच.

ईएफपी मिळाला तरी बाकी राहणारे कागद

ईएफपी फक्त मासेमारीच्या नियमांतून सूट देतो. न्यूयॉर्क-न्यू जर्सीच्या किनाऱ्याजवळ ट्रॉल ओढला की अटलांटिक स्टर्जन हा मासा येऊ शकतो, आणि २०१२ पासून तो संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत आहे. त्याच्या पराचा (फिनचा) तुकडा कापायचा किंवा त्याला खूण लावायची असेल तर त्या कायद्याच्या कलम १० खालचा स्वतंत्र परवाना लागतो. सील, डॉल्फिन, देवमासे यांच्यावरच्या कामाला सागरी सस्तन संरक्षण कायद्याचा परवाना लागतो. या दोन्हींचे अर्ज अ‍ॅप्स नावाच्या ऑनलाइन प्रणालीतून जातात आणि त्यांना ईएफपीपेक्षा जास्त महिने लागू शकतात. म्हणून तेच आधी भरा.

बॉस्टनजवळच्या स्टेलवॅगन बँक सागरी अभयारण्यात तळावर यंत्र ठेवायचं असेल तर अभयारण्य कार्यालयाचा परवाना वेगळा. विद्यापीठाच्या प्राणी-नीती समितीची मंजुरीही वेगळी. ती केंद्राच्या यादीत नसते, पण तिच्यावाचून अनुदानाचे पैसे अडतात. परदेशी झेंड्याचं जहाज असेल तर विषयच बदलतो. सप्टेंबर २०२० च्या राष्ट्राध्यक्षांच्या घोषणेनंतर अमेरिकेच्या आर्थिक क्षेत्रातल्या परदेशी सागरी संशोधनाला परराष्ट्र खात्यामार्फत आधी संमती घ्यावी लागते.

बोटीवर

ईएफपी त्यात नाव असलेल्या बोटीपुरताच चालतो, दुसऱ्याच्या नावे करता येत नाही, आणि खाडाखोड झाली की रद्द समजला जातो. ऐनवेळी इंजिन बिघडलं म्हणून शेजारची बोट घेऊन निघता येत नाही. त्यासाठी अर्ज करतानाच एखादी जास्तीची बोट यादीत घाला. परवाना आणि त्याच्या अटींची प्रत बोटीवर हवी. एलओएच्या फेरीत पत्रासोबत संशोधन आराखडाही ठेवा. तटरक्षक दलाचे लोक बोटीवर चढले की पत्रामुळे तुम्ही संशोधन करता आहात असं गृहीत धरलं जातं, पण ते खोडताही येतं. आराखड्यात नसलेली मासळी बर्फाच्या पेटीत सापडली की ते लगेच खोडलं जातं.

परवाना असला तरी उपग्रह मागोवा यंत्रणेवर फेरीची योग्य घोषणा करावीच लागते, आणि ग्रेटर अटलांटिक विभागात (ग्लॉस्टर कार्यालयाच्या हद्दीत) इलेक्ट्रॉनिक फेरी-अहवाल बंदरात आल्यापासून ४८ तासांत भरावा लागतो. ६५ फूट किंवा त्याहून लांब बोटीला राइट देवमाशांच्या हंगामी क्षेत्रांत १० नॉटची वेगमर्यादा आहे. भाड्याच्या बोटीचं वेळापत्रक आखताना ती धरा, नाहीतर पहिली ओढ पहाटेऐवजी दुपारी पडते.

जाळ्यात समुद्री कासव आलं आणि ते हालचाल करत नसेल तर मेलं समजून सोडू नका. नियम संशोधनालाही लागू आहे: त्याला पोटावर ठेवा, मागचा भाग किमान ६ इंच उंच करा, अंग ओलं आणि सावलीत ठेवा, आणि ४ ते २४ तास वाट पाहा. शुद्धीवर आलं तर जाळी पाण्यात नसताना, इंजिन न्यूट्रलमध्ये ठेवून, बोटीच्या मागच्या बाजूने सोडा. यासाठी डेकवर मोकळी जागा आणि ओली गोणपाटं आधीच ठेवा. नोंदीत वेळ, जागा, जात आणि छायाचित्र हवं. परवान्याच्या अटीत कळवण्याचा जो क्रमांक दिला असेल त्यावर लगेच कळवा.

अहवाल

ईएफपी साधारण एका वर्षाच्या आत संपतो. नूतनीकरण हवं असेल तर पुन्हा तोच मार्ग, तीच फेडरल रजिस्टरची सूचना. काम संपल्यावर पकडीचा अहवाल परवान्यात दिलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत सहा महिन्यांच्या आत द्यावा लागतो. एकही फेरी झाली नसेल तरी तसं लिहून कळवा. ओढनिहाय तक्ता जोडा आणि मंजूर आकड्यांशेजारी प्रत्यक्ष आकडे ठेवा. कुठे जास्त आले ते स्वतःच नोंदवा, कारण पुढच्या वर्षीचा अर्ज ज्याच्या टेबलावर जातो त्याच्याकडे हा तक्ता आधीच असतो. एलओएच्या फेरीला अहवालाची सक्ती नाही, फक्त विनंती असते. तरीही पाठवा. पुढच्या वेळी "हे संशोधन की मासेमारी" हा प्रश्न आला, तर दाखवायला तोच अहवाल हाताशी असतो.